दोन कप्प्या, तीन दोरे आणि एक अज्ञात वस्तुमान: ± सकट उत्तर कसं काढायचं

अकरावीच्या वहीत हा प्रयोग दोन पानांत उरकलेला असतो: फळ्यावर दोन कप्प्या, दोन बाजूंना माहीत असलेली वजनं, मध्ये लोंबकळणारा दगड, खाली सूत्र आणि शेवटी चौकटीत उत्तर, '२३६.०२ ग्रॅम'. त्या शेवटच्या '०२'ला काहीही आधार नसतो. पुष्कळदा '२३६' मधल्या सहालाही नसतो. गणित बहुतेकांचं बरोबर असतं. घोटाळा होतो तो मांडणीच्या क्रमात. घर्षण न मोजता मुलं थेट कोनाकडे धावतात आणि मग अनिश्चिततेचा (म्हणजे उत्तर किती कमी-जास्त असू शकतं, त्या ±चा) रकाना सगळं झाल्यावर अंदाजाने भरतात. म्हणून इथे क्रम थोडा उलटा घेतला आहे.

आधी तत्त्व, तेवढ्यापुरतंच. तिन्ही दोरे जिथे मिळतात ती मधली गाठ स्थिर आहे म्हणजे तिच्यावरच्या तीन बलांची बेरीज शून्य. डावीकडचं वस्तुमान प, उजवीकडचं फ आणि मधलं अज्ञात क्ष समजू. डावा दोरा उभ्या रेषेशी त हा कोन करतो, उजवा थ हा. मग दोन समीकरणं मिळतात:

उभा समतोल: क्ष = प × कोसाइन त + फ × कोसाइन थ

आडवा समतोल: प × साइन त = फ × साइन थ

पहिल्यातून उत्तर मिळतं, दुसऱ्यातून ते उत्तर विश्वासाचं आहे का ते कळतं. दुसरं बहुतेक वह्यांत सापडतच नाही.

एक गोष्ट इथेच मिटवून टाकू. तिन्ही बलांत गुरुत्वत्वरण सारखंच आहे, त्यामुळे ते दोन्ही बाजूंनी कटतं. गोव्याच्या अक्षांशावर त्याची किंमत ९.७८ च्या आसपास आहे, पुस्तकात ९.८ किंवा ९.८१ असते, आणि घाईत कुणी १० धरतो. एका बाजूला ९.८ ने गुणून दुसरीकडे १० ने भागलं की फुकटात दोन टक्क्यांची चूक पदरात. सगळं ग्रॅममध्येच ठेवा, न्यूटनकडे वळूच नका.

## टप्पा १: सामान पारखून घ्या

उभा ड्रॉइंग बोर्ड, दोन कप्प्या, दोन हँगर (वजनं अडकवायचे आकडे) आणि खाचेची वजनं, दोरा, ओळंबा, आरशाची अरुंद पट्टी, मोठा कागद, टोकदार पेन्सिल. कागद ए-फोर चालत नाही; पुढे प्रमाणात समांतरभुज चौकोन काढायचा झाला तर कर्ण पानाबाहेर जातो.

कप्प्या. बोटाने फिरवा. चांगली कप्पी काही वेळ फिरत राहून हळू थांबते. गचकन थांबली तर आस गंजलेला आहे. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या कप्प्यांची पावसाळ्यानंतर हीच गत असते. आस पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. हाताशी आहे म्हणून खोबरेल घालू नका, ते धूळ धरून चिकट होतं आणि पुढच्या वर्गाला त्रास.

दोरा. सुती दोऱ्याचा पीळ वजनाने उलगडतो आणि दगड गरगर फिरत राहतो. मासे धरायची तंगूस घरोघरी असते, पण ती रिळाचं वळण धरून बसते आणि तिच्यावर गाठ घसरते. शिवणाचा बारीक पॉलिस्टर दोरा सगळ्यांत बरा.

वजनं. खाचेच्या वजनावर '५०' कोरलेलं आहे म्हणजे ते ५० ग्रॅम आहे असं समजू नका. रंगाचे थर, गंज, पडून उडालेला टवका, असं काहीही असू शकतं. प्रत्येक वजन एकदा काट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या. काटा नसेल तर प आणि फ मध्ये प्रत्येकी ±०.५ ग्रॅम अनिश्चितता धरा.

अज्ञात वस्तू. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा सगळीकडे मिळतो, पण दोन अडचणी आहेत. जांभा सच्छिद्र असतो, पावसात भिजलेला तुकडा पाणी धरून ठेवतो आणि वाळेल तसं त्याचं वस्तुमान उतरतं. शिवाय दोरा आवळला की लाल भुकटी गळते. सुका तुकडा घ्या, आधी ब्रशने झाडा, आणि पडताळ्याचं वजन त्याच दिवशी करा. गोव्यातल्या डिचोली-सांगे या खाणींच्या भागातल्या मुलांना लोहखनिजाचा खडा सहज मिळतो. तो त्याच वस्तुमानाला बराच लहान असतो, त्यामुळे फळ्याला घासत नाही. माझी पसंती त्यालाच.

> सावधान: हँगरचं स्वतःचं वस्तुमान प आणि फ मध्ये धरायचं असतं. १०० ग्रॅमची वजनं ५० ग्रॅमच्या हँगरवर असली तर प म्हणजे १५०. वह्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच.

## टप्पा २: कप्प्यांचं घर्षण आधीच मोजा

हा टप्पा वहीत नसतो, आणि अनिश्चिततेचा सर्वांत मोठा वाटा इथूनच येतो.

एका कप्पीवरून दोरा टाका. प्रयोगात त्या बाजूला जेवढं वजन लावणार आहात तेवढंच दोन्ही टोकांना लावा, समजा १५० आणि १५०. कप्पी स्थिर. आता एका बाजूला वजनपेटीतलं १ ग्रॅम, मग २ ग्रॅम असं वाढवत जा. ज्या वजनाला दोरा आपणहून सरकायला लागतो ते लिहा. मग दुसऱ्या बाजूला तसंच करा. दोहोंपैकी मोठा आकडा घ्या. ही त्या कप्पीची घर्षणमर्यादा. दुसरी कप्पी तिच्या वजनाला तपासा.

उदाहरणासाठी पुढे हे आकडे वापरतो: डावी कप्पी १५० ग्रॅमला २ ग्रॅम, उजवी २०० ग्रॅमला ३ ग्रॅम. अर्थ असा की डाव्या दोऱ्यातला ताण १४८ ते १५२ ग्रॅमच्या वजनाइतका कुठेही असू शकतो आणि गाठ तरीही हलणार नाही.

> तपासणी: घर्षणमर्यादा लावलेल्या वजनाच्या ३ टक्क्यांहून जास्त आली तर पुढे जाऊ नका. आस पुन्हा पुसा, नाहीतर कप्पी बदला.

## टप्पा ३: फळा आणि गाठ

फळा उभा आहे का ते ओळंब्याने बघा, डोळ्याने नव्हे. ओळंब्याचा दोरा वरपासून खालपर्यंत फळ्यापासून सारख्या अंतरावर हवा. पावसाळ्यात लाकडी फळे वाकतात. मधोमध फुगलेला फळा दोऱ्याला घासतो आणि आपण दोष देतो कप्पीला. कागद लावल्यावर ओळंब्याच्या मागे एक उभी रेषा आखून ठेवा. सगळे कोन ह्या रेषेपासून मोजायचे, कागदाच्या कडेपासून नाही.

दोन्ही कप्प्या एकाच उंचीवर असायची गरज नाही. त्या एका पातळीत आणण्यात लोक उगाच वेळ घालवतात. मात्र दोन्ही फळ्यापासून सारख्याच बाहेर हव्यात, म्हणजे तिन्ही दोरे एका प्रतलात राहतील.

आता गाठ. एक लांब दोरा दोन्ही कप्प्यांवरून जातो. त्याच्या मध्यावर दुसरा दोरा घट्ट बांधायचा, ज्याला अज्ञात वस्तू लटकेल. नुसता फास किंवा कडी अडकवली तर ती लांब दोऱ्यावर सरकते. सरकणाऱ्या कडीच्या दोन्ही बाजूंना ताण सारखाच राहू पाहतो, म्हणून १५० आणि २०० लावलेत तर ती समतोलात येऊच शकत नाही. घर्षणाने कुठेतरी अडकते आणि समतोल झाल्याचा भास होतो.

> तपासणी: पंखा बंद. खिडकीतून वारा येत असेल तर तीही बंद. हँगर टेबलाला, दगड फळ्याला, गाठ कागदाला टेकलेली नाही ना, ते बाजूने वाकून बघा.

## टप्पा ४: वजनं निवडताना कोनांचा विचार

अज्ञात वस्तुमान प आणि फ यांच्या बेरजेपेक्षा कमी आणि त्यांच्या फरकापेक्षा जास्त हवं. नाहीतर समतोल मिळतच नाही, एक बाजू पळत सुटते. हे सगळे सांभाळतात. कुठल्या कोनाला चूक किती फुगते, तिकडे मात्र कुणी बघत नाही.

दोन्ही बाजूंना सारखं वजन धरू. तेव्हा क्ष = २ × प × कोसाइन त. दोरे जवळजवळ आडवे झाले आणि कोन ८० अंश आला, तर कोन मोजताना दोन्हीकडे अर्ध्या अंशाची चूक झाली तरी उत्तर सुमारे ५ टक्क्यांनी चुकतं. तीच चूक ४५ अंशाला ०.९ टक्क्यांची. कपड्याच्या दोरीसारखे ताणलेले दोरे दिसायला झकास, मोजायला वाईट. उलट टोकाला, फार लहान कोनांवर गाठ पार खाली जाते, खुणांना जागा उरत नाही.

दोन्ही कोन ३५ ते ६० अंशांत येतील अशी वजनं निवडा. त्यासाठी एकदा कच्चा समतोल करून पाहायला हरकत नाही, तो वहीत लिहायचा नसतो.

## टप्पा ५: समतोलाची जागा वरून आणि खालून

दगड लटकवला, गाठ थांबली, झाल्या खुणा. असं करू नका. घर्षणामुळे गाठीला थांबायला एक जागा नसते, एक पट्टा असतो.

दगड तळव्यावर घेऊन थोडा वर उचला आणि हात अगदी सावकाश खाली नेत सोडा. गाठ थांबेल तिथे पेन्सिलीने बारीक ठिपका. मग दगड खाली ओढून तसाच सावकाश वर जाऊ द्या, दुसरा ठिपका. झटक्याने सोडला तर दगड झुलून पट्ट्यात कुठेही थांबतो आणि ठिपक्याला अर्थ उरत नाही.

वरच्या ठिपक्याला दोरे जास्त आडवे असतात, म्हणून तिथून काढलेलं वस्तुमान कमी येतं. खालच्याला जास्त. उदाहरणातल्या मांडणीत वरच्यावरून २३३ आणि खालच्यावरून २३९ ग्रॅम आले. नेहमी वरूनच सोडून दहा वेळा वाचन घेतलं तर दहाही वेळा २३३ च्या आसपास येईल. आकडे एकमेकांना छान जुळतील आणि सगळे एकाच बाजूला चुकलेले असतील. सरासरीने ही चूक जात नाही.

गाठ हलक्या बोटाने दोन ठिपक्यांच्या मध्यावर आणून ठेवा. पट्ट्याच्या आत असल्यामुळे ती तिथेच राहते. कोन ह्या जागेचे मोजायचे.

## टप्पा ६: खुणा आणि कोन

आरशाची पट्टी दोऱ्यामागे आडवी धरा. एक डोळा मिटून डोकं असं हलवा की दोऱ्याने आपलंच प्रतिबिंब झाकावं. त्या क्षणी पट्टीच्या कडेला, दोऱ्याच्या रेषेत ठिपका. प्रत्येक दोऱ्याला दोन ठिपके, एक गाठीजवळ आणि एक कप्पीजवळ (मधल्या दोऱ्याला दगडाजवळ).

दोन ठिपके जितके दूर तितकं चांगलं. प्रत्येक ठिपका अर्धा मिलिमीटर चुकतो असं धरलं, तर १० सेंटिमीटर अंतरावर कोनात ०.४ अंशाची चूक होते. २० सेंटिमीटरवर ती निम्मी. पेन्सिल बोथट असेल तर हा हिशेब तिथेच संपला.

वजनं काढून कागद उतरवा, ठिपके जोडा. दोन्ही रेषा आणि दगडाच्या दोऱ्याची मधली उभी रेषा एकाच बिंदूत मिळायला हव्यात. दोनेक मिलिमीटरचा त्रिकोण उरला तर एक ठिपका तिरक्या नजरेने घेतला गेला आहे. तोच दोरा पुन्हा.

कोनमापकाने वाचलंत तर अनिश्चितता ±०.५ अंश. त्याहून बरं काम आलेखकागदावर होतं: उभ्या रेषेवर १० सेंटिमीटर मोजा, तिथून दोऱ्यापर्यंतचं आडवं अंतर घ्या, भागाकार केला की टॅन्जंट. आडवं अंतर १५.७ आलं तर कोन ५७.५ अंश.

> सावधान: कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का बघा. रेडियनवर असेल तर कोसाइन ५७.५ साठी ०.५८ असा खरा वाटणारा पण चुकीचा आकडा येतो, आणि परीक्षेच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही.

## टप्पा ७: आडवा समतोल आधी, उत्तर नंतर

उदाहरण: प = १५०, फ = २००, त = ५७.५ अंश, थ = ३९.० अंश.

डावीकडे १५० × ०.८४३ = १२६.५. उजवीकडे २०० × ०.६२९ = १२५.९. फरक ०.६ ग्रॅमच्या आसपास.

हा फरक चालेल का? कोन, घर्षण आणि वजनं यांची मिळून ह्या फरकावरची अनिश्चितता सुमारे ३ ग्रॅम येते (कशी, ते पुढच्या टप्प्यासारखंच, फक्त साइन-कोसाइनची अदलाबदल करायची). ०.६ हे ३ च्या आत आहे, म्हणजे मांडणी ठीक. समजा फरक ८ ग्रॅम आला असता, तर उत्तर काढण्यात अर्थ नव्हता. तेव्हा दोष शोधायचा ह्या क्रमाने: हँगर धरला का, दोरा कुठे घासतो का, उभी रेषा खरंच उभी आहे का.

आता उत्तर: १५० × ०.५३७ = ८०.६ आणि २०० × ०.७७७ = १५५.४. बेरीज २३६.० ग्रॅम.

वहीत समांतरभुज चौकोन काढायची सक्ती असेल तर १ सेंटिमीटरला १० ग्रॅम असं प्रमाण घ्या. भुजा १५ आणि २० सेंटिमीटर होतात, कर्ण मोजला की उत्तर; १ मिलिमीटर म्हणजे १ ग्रॅम. ५० ग्रॅमचं प्रमाण घेतलंत तर एक मिलिमीटर ५ ग्रॅमचा होतो आणि सगळी मेहनत पट्टीतच हरवते.

## टप्पा ८: अनिश्चितता, वाटा वेगवेगळा

प्रत्येक कारणाने उत्तर किती हलतं ते स्वतंत्र काढायचं. कोनाचा फरक इथे रेडियनमध्ये लागतो: ०.५ अंश म्हणजे ०.००८७.

| कारण | हिशेब | वाटा (ग्रॅम) |
|---|---|---|
| कोन त | १५० × साइन त × ०.००८७ | १.१ |
| कोन थ | २०० × साइन थ × ०.००८७ | १.१ |
| वस्तुमान प, ±०.५ | ०.५ × कोसाइन त | ०.३ |
| वस्तुमान फ, ±०.५ | ०.५ × कोसाइन थ | ०.४ |
| डावी कप्पी, ±२ | २ × कोसाइन त | १.१ |
| उजवी कप्पी, ±३ | ३ × कोसाइन थ | २.३ |

ही कारणं एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. वर्गांची बेरीज ९.२ च्या आसपास, वर्गमूळ ३.०. मधल्या जागेवर गाठ आणली म्हणून घर्षण नाहीसं होत नाही, त्याचा कल फक्त एका बाजूचा राहत नाही; म्हणून ते तक्त्यात ठेवलं आहे. पदवीच्या वर्गात अशा 'कमाल मर्यादा' ३ च्या वर्गमूळाने भागून प्रमाण अनिश्चितता काढायला सांगतात. अकरावी-बारावीला पूर्ण मर्यादा घेतली तरी चालते, पण सगळ्या ओळींना एकच पद्धत लावा आणि ती वहीत लिहा.

उत्तर: क्ष = २३६ ± ३ ग्रॅम. ± नंतर एक अंक पुरे, आणि मुख्य आकडा त्याच स्थानापर्यंत. २३६.०२ ± ३.०४ असं लिहिणं म्हणजे दोन दशांश स्थळं फुकट.

तक्ता बनवायचं खरं कारण वेगळंच. आलेखकागद वापरून कोनाची अनिश्चितता ०.२ अंशावर आणली, तरी एकूण ३.० वरून २.७ वरच येते. तेच तेल घालून दोन्ही कप्प्यांचं घर्षण निम्मं केलं तर कोनमापक जुनाच ठेवूनही २.१ मिळतं. डोळे ताणून पाव अंश वाचण्यापेक्षा आस पुसलेला बरा. तुमच्या मांडणीत उलटंही निघेल, कप्प्या नव्या आणि ठिपके जवळजवळ असतील तर. ते तुमचा तक्ता सांगेल.

## टप्पा ९: पुन्हा, पण तसंच नाही

तीच वजनं, त्याच जागी, तीन वेळा वाचून काही नवं कळत नाही. दुसऱ्या वेळी प आणि फ ची बाजू बदला, म्हणजे उजव्या कप्पीचा दोष डावीकडच्या वजनाला सोसावा लागेल. तिसऱ्या वेळी दोन्हीकडे २०० लावा. प्रत्येक वेळी नवा कागद. जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके काढले की हात आपोआप जुन्याकडे ओढला जातो.

समजा उत्तरं २३६.०, २३८.४ आणि २३३.९ आली. सरासरी २३६.१, आणि कुठलंही वाचन सरासरीपासून ३ ग्रॅमच्या बाहेर नाही. अंदाजलेली अनिश्चितता आणि दिसणारा विखुरलेपणा जुळतात. तीन वाचनांच्या विचलनावरून सरासरीची अनिश्चितता १.३ निघते, आणि तीच लिहायचा मोह होतो. आवरा. कप्प्या तिन्ही वेळा त्याच आहेत, त्यांच्या दोषातला काही भाग तिन्ही वाचनांत सारखाच शिरलेला असतो. ±३ ठेवा.

विखुरलेपणा अंदाजापेक्षा बराच मोठा, समजा १० ग्रॅमचा आला, तर तक्त्यात एखादं कारण राहून गेलं आहे. बहुतेक वेळा सरकणारी गाठ किंवा चालू पंखा.

## टप्पा १०: काट्यावर पडताळा

आता, आणि आताच, दगड काट्यावर ठेवा. आधी वजन बघितलं की मधली जागा आपोआप 'बरोबर' सापडायला लागते. शाळेतला काटा बिघडलेला असेल तर घरचा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. सोनाराकडचा बारीक काटा मिळाला तर उत्तम, पण ±३ ग्रॅमच्या प्रयोगाला त्याची गरज नाही. दोरा सोडवायला विसरू नका.

काट्यावर २३८ आलं तर फरक २, अनिश्चिततेच्या आत. 'जुळतं' असं लिहा, 'टक्केवारी चूक ०.८' एवढंच लिहून थांबू नका. २४५ आलं तर फरक ९ ग्रॅम, म्हणजे अनिश्चिततेच्या तिप्पट. तेव्हा वहीतला आकडा खोडून २४५ करायचा नाही आणि ± वाढवून ९ करायचा नाही. आधी काटा माहीत असलेल्या वजनाने तपासा, मग कप्प्या टप्पा २ प्रमाणे पुन्हा मोजा. तेल सुकून किंवा दोरा खाचेतून उतरून मध्येच घर्षण बदललेलं असतं. दोन्ही ठीक निघाले तर खाचेची वजनं एकेक करून काट्यावर.